हाक आलेल्या मार्थाबाई

मार्थाबाई सोनोने यांना खुर्चीचं वावडं होतं. वाशीमला आम्ही एकाच शाळेत होतो, मी मराठीला आणि त्या पीटीला. स्टाफरूममध्ये त्यांच्या वाट्याची खुर्ची होती, पण तिच्यावर कायम चुन्याची पिशवी, दोरखंड आणि मोडके लेझीम बसलेले असायचे. बाई उभ्या. चहा उभ्यानं, डबा उभ्यानं, मुख्याध्यापकांची बोलणी उभ्यानं. प्रार्थनासुद्धा उभ्यानं, आणि तीही डोळे सताड उघडे ठेवून. "डोये मिटले की मले झोप लागते," म्हणायच्या. "मी घोरून राह्यली तं प्रभूले काय ऐकू जाईन?"

गळ्यात शिट्टी. ती रविवारी चर्चला जातानाही निघत नसे. आणि तोंडात एक शब्द, "चाला!" तास संपला, चाला. मीटिंग लांबली, चाला. माझ्या सासऱ्यांच्या मयतीला घरातले सगळे रडून रडून हातपाय गाळून उभे होते, कोणी पुढं व्हायला तयार नाही. तेव्हा गर्दीतून मार्थाबाईंचाच आवाज आला, "चाला!" आणि तिरडी उचलली गेली. माझे दीर बरेच दिवस त्यांच्यावर घुश्शात होते. मी मात्र मनातून आभार मानले, कारण ऊन चढत चाललं होतं.

त्या कोणासाठीही प्रार्थना करायच्या, न विचारता आणि खड्या आवाजात. एकदा परिपाठाच्या वेळी मुलांना सावधानमध्ये उभं करून त्यांनी मुख्याध्यापकांच्या मूळव्याधीसाठी प्रार्थना केली. मुलांनी "आमेन" इतक्या जोरात म्हटलं की समोरच्या रसवंतीवाल्यालाही निदान कळलं. त्यानंतर सरांनी मार्थाबाईंना आपलं काही सांगणंच बंद केलं.

आमची घरंही शेजारी, मध्ये फक्त कंबरेएवढी भिंत. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला कंपनीत. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी धर्म बदलला तेव्हा गावातल्या विहिरीवरची भांडणं, नातेवाइकांची तोंडं फिरवणं, देव्हाऱ्यातले देव पाण्यात सोडताना आजीचं रडणं, हे सगळं मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की कोणी "धर्म" म्हटलं की माझे कान टवकारतात. त्यामुळे मार्थाबाईंची आणि माझी जुंपायची ती याच विषयावर. त्या भिंतीपलीकडून म्हणायच्या, "पडघान बाई, तुमच्यासाठी रोज प्रार्थना करतो मी." मी म्हणायचे, "करा, पन हळू आवाजात."

आम्ही दोघी लागोपाठ निवृत्त झालो. मी सुटकेचा निःश्वास टाकला. मार्थाबाईंचं मात्र बैल सुटला पण औत चालूच असं झालं. अंगणात एकट्याच कवायत करायच्या. तालुक्यातालुक्यात खो-खोच्या सामन्यांना पंच म्हणून जायच्या. अशाच मानोऱ्याहून परत आल्या त्या संध्याकाळी मी अंगणात तांदूळ निवडत होते.

"पडघान बाई! मले हाक आली!"

"कोनाची?"

"प्रभूची!"

"कुठी?"

"येष्टीत!"

मी सूप खाली ठेवलं. मार्थाबाईंचा चेहरा शेंदरासारखा लाल, केस विस्कटलेले, आणि डोळ्यांत पाणी. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. मानोऱ्याच्या रस्त्यावर धनगरांची मेंढरं आडवी आली आणि बस थांबली. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, माणसं शिव्या देताहेत. मार्थाबाईंच्यानं हे बघवेल का? त्या खाली उतरल्या आणि वाहतूक सुरळीत करायला त्यांनी जोरात शिट्टी मारली. मेंढरं बिथरली. अर्धी तुरीत घुसली, अर्धी बसखाली. प्रवाशांनी मग मेंढरांना सोडून मार्थाबाईंना धरलं.

"तेवढ्यात एक म्हातारी आली," मार्थाबाई सांगत होत्या. "घोडीची दोरी धरून. घोडीवर भांडे, कोंबड्या, वरतं एक लेकरू बांधेल. म्हातारी मले एक शब्द बोलली नाही. नुसता जिभेनं आवाज काढला, टक टक टक, आन सगये मेंढरं परत! मंग मले म्हने, बाई, पानी हाय? म्या बाटली देल्ली. अर्धी ती पेली, अर्धी कोकराच्या तोंडात ओतली. आन जाता जाता वळून हासली न म्हने, येतं का संगं?"

"मंग?"

"मंग काय! तीच हाक!"

"आवं बाई, ती मस्करी करून राह्यली होती."

"प्रभू मस्करीतबी बोलते!" मार्थाबाईंनी भिंतीवर थाप मारली. "मानोऱ्यापासून वाशीमलोक मी रडत आली. कंडक्टरले वाटलं माही पर्स मारली कोनं. पडघान बाई, जिंदगीभर म्या पोट्ट्यायले गोल गोल पळवलं. ज्या खांबापासून निघाले त्याच खांबापाशी परत. हे लोक पाहा! पुढंच जाऊन राह्यले. त्यायच्यापाशी कोन जाते? ना मास्तर, ना पाळक. मी जाईन. त्यायच्या संगं चालीन आन त्यायले प्रभूचं सांगीन!"

मी त्यांना पाणी दिलं. वाटलं, दोन दिवसांत उतरेल.

उतरायचं नाव नाही. दुसऱ्या दिवशीपासून बाई पाठीवर ज्वारीचं पोतं बांधून शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारू लागल्या, गुडघ्याला पट्टा लावून. बाजारातून तंबू आणला. तो अंगणात उभारताना आतच गुंडाळल्या गेल्या आणि मला सोडवायला जावं लागलं. मेंढपाळाच्या गोष्टीची मोठी मोठी रंगीत चित्रं करून घेतली. खंजिरी पाण्यात भिजली तर म्हणून दुसरी खंजिरी घेतली. त्यांच्या चर्चचे पाळक समजवायला आले. म्हणाले, मार्थाबाई, या वयात कशाला, बायकांचा रविवारचा वर्ग घ्या. मार्थाबाईंनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "पाळक साहेब, तुमी बसेल मेंढरायले सांभाळा. मी चालत्यायकडे जातो." मुलाचा पुण्याहून फोन आला की त्याला पोतं पाठीवर असतानाच, धापा टाकत उत्तर मिळायचं.

मला मात्र राहवेना. एके सकाळी मी भिंतीपाशी जाऊन सरळ विचारलं, "मार्थाबाई, त्या लोकायचा बिरोबा हाय. पिढ्यान् पिढ्यांचा. तुमी तो काढून घ्यायले चालल्या का?"

त्या पहिल्यांदाच जरा थांबल्या. "मी द्यायले चालली, बाई. घ्यायले नाही."

"द्यायचं तं घेणाऱ्याचा हात रिकामा लागते."

"ते प्रभू पाहीन," म्हणाल्या, आणि पुढच्या फेरीला निघाल्या. माझं समाधान झालं नाही. पण त्या वेड्या आनंदापुढं माझे मुद्दे मला म्हाताऱ्या माणसासारखे वाटायला लागले होते, हेही खरं.

धनगरांचा तो तळ, त्याला ते वाडा म्हणतात, फिरत फिरत शिरपूरच्या बाजूला आल्याचं कळलं. सोयाबीन निघालं की शेतकरी आपल्या वावरात मेंढरं बसवतात. रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत होतं, बदल्यात धनगरांना धान्य मिळतं. अशाच एका वावरात त्यांचा मुक्काम होता. मार्थाबाई मला ओढूनच घेऊन गेल्या. शिरपूरपर्यंत बस, पुढं ऑटो, मग ढेकळांतून पायी, आणि चित्रांची गुंडाळी माझ्या डोक्यावर.

कुत्र्यांनी आमचं स्वागत केलं. मागून ती म्हातारी आली. उंच, काटक, हातात कोपरापर्यंत कडी. मार्थाबाईंच्या गळ्याकडं बघून ती खदखदून हसली. "अवं माय! हे तं शिट्टीवाली!" तिचं नाव ठकूबाई. तिचा मुलगा सिदू हा वाड्याचा कारभारी. म्हणजे मेंढरं कधी उठवायची, कुठल्या रानात न्यायची, हे ठरवणारा. सिदूच्या कपाळावर आठी होती आणि ती आम्हाला पाहून आणखी खोल गेली. "बाटवायले आले का?" त्यानं विचारलं. ठकूबाई म्हणाली, "येऊ दे. दोन म्हाताऱ्या काय बाटवतीन?" मला आधी राग आला, मग पटलं.

मार्थाबाईंनी खंजिरी वाजवून गाणं म्हटलं. गाणं सगळ्यांना आवडलं. मग चित्रं उलगडून गोष्ट सुरू केली. एका मेंढपाळाचं एक मेंढरू हरवतं आणि बाकीचा सगळा कळप मागं ठेवून तो त्या एकट्याला शोधायला जातो. ही गोष्ट मार्थाबाई सांगायच्या तेव्हा चर्चमध्ये बायका पदर डोळ्यांना लावत, हे मी ऐकून होते. इथं त्या शेवटी आल्या, हात आकाशाकडं केले, आवाज कापला. वाड्यातली माणसं शांत बसलेली. कोणी बिडी पेटवली.

"मंग?" ठकूबाई म्हणाली.

"मंग तो गेला. शोधायले!"

"हाव. जा लागतेच ना."

"एका मेंढरासाठी!"

"मंग? आमीबी जातो." ठकूबाईला यात सांगण्यासारखं काय आहे तेच कळेना. "पुढं काय झालं? गोष्ट सांग ना."

मार्थाबाई चित्र हातात धरून तशाच उभ्या. मला वाटलं, आता हिरमुसणार. परतताना ऑटोत बसल्यावर मी त्यांच्याकडं बघितलं तर चेहरा उजळलेला! "पडघान बाई, पाह्यलं का? आपल्याले ज्याच्यासाठी रडा लागते ते त्यायचं रोजचं काम हाय. ते तं आधीच तिथं उभे हायेत! मलेच पोचाले उशीर झाला!" आणि उरलेल्या रस्ताभर त्या ऑटोवाल्यालाही हे समजावून सांगत होत्या. वाशीम येईपर्यंत माझीही छाती उगाच धडधडत होती.

पुढच्या आठवड्यात त्या एकट्या गेल्या, मुक्कामालाच. पहाटे वाडा पुढच्या गावाला निघणार होता आणि ठकूबाईनं एका मजलेपुरतं सोबत चालायची परवानगी दिली होती. त्या सकाळी काय घडलं ते मला त्यांनी नंतर सांगितलं.

घरातून निघालेल्या माणसाला कुठे चाललास म्हणून विचारू नये, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मार्थाबाईंनाही ठाऊक होतं, पण त्या असल्या गोष्टींना भीक घालत नसत. शाळेच्या व्हरांड्यात दिसेल त्याला "काय, कुठी चालले?" हाच त्यांचा रामराम होता. आणि वाड्यात तर या गोष्टीचा फार मोठा नेम. आज कुठल्या रानाला जायचं ते फक्त कारभाऱ्याच्या मनात. तो काठी उचलून चालू लागतो, मेंढरं त्याच्यामागं, घोड्या मेंढरांमागं. त्याची बायकोसुद्धा त्याला विचारत नाही.

पहाट झाली. घोड्या लादल्या, मेंढरं उठली, कोकरं ओरडू लागली. मार्थाबाईंच्या अंगात आनंद मावेना. सिदू कारभाऱ्यानं काठी उचलली, पहिलं पाऊल टाकलं, आणि मार्थाबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "कारभारी! आज कुठी चाललो आपन?"

सिदूनं काठी खाली टेकवली. सगळा वाडा जागच्या जागी थांबला. कोणी रागावलं नाही, ओरडलं नाही. बायकांनी मुकाट्यानं घोड्यांवरचं ओझं उतरवायला घेतलं. तीन दगडांची चूल पुन्हा मांडली गेली. निघणं मोडलं होतं, आता त्या दिवशी निघायचं नाही.

पण त्या रानातला चारा संपला होता. मेंढरं उपाशी. पोरींची नजर चुकली आणि मेंढरांचा एक घोळका शेजारच्या, ज्वारी कापलेल्या वावरात घुसला. कापलेल्या ज्वारीच्या बुडाला कोवळे फुटवे येतात. ते जनावराला विष असतात. दुपारपर्यंत पोटं फुगून कितीतरी मेंढरं मार्थाबाईंच्या डोळ्यांदेखत तडफडून मेली. सिदूनं त्यांना एका मोटरसायकलवाल्याच्या मागं बसवून दिलं. "बाई, तुमी घरी जा," एवढंच म्हणाला.

त्या दिवशी मी मार्थाबाईंना बसलेलं पाहिलं. अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून. मला भीती वाटली. मी भिंत ओलांडून गेले, त्या वयात, साडीसकट.

"म्या त्यायचे मेंढरं मारले," त्या म्हणाल्या.

"ज्वारीनं मारले."

"माह्या तोंडानं मारले. पडघान बाई, हाक खोटी होती का वं?"

मी या हाकेची चेष्टा करत आले होते. तरीही त्या क्षणी ती खोटी निघू नये असं मला इतकं वाटलं की माझंच मला नवल वाटलं. "खोटी असती तं येवढं दुखलं नसतं," मी म्हणाले. ते मी धीर द्यायला म्हटलं होतं, पण मार्थाबाई ताडकन उठल्या.

"चाला! माफी मागायले!"

या वेळी चित्रं नाहीत, खंजिरी नाही. वाड्यात पोचलो तेव्हा वारं वेगळंच होतं. पोरी आमच्याकडं बघेनात. सिदू कारभाऱ्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ज्यानं निघनं मोडलं त्याच्या हातानं बिरोबापुढं नारळ फोडा लागते. मंगच पुढचं निघनं होते. फोडा, मंग आमच्या मनात काई नाही. चाला संगं कितीबी."

त्यानं नारळ पुढं केला. मी मार्थाबाईंकडं बघितलं. त्यांना जे हवं होतं ते सगळं त्या एका नारळात होतं. फोडला की वाडा त्यांचा, रस्ता त्यांचा. मी हळूच कोपरानं ढोसलं, फोडा ना बाई, नारळच तर आहे. आमच्या आजीनं देव सोडले तेव्हा ती किती रडली हे मला माहीत होतं, तरी मी ढोसलं.

"नाही फोडत," मार्थाबाई म्हणाल्या. "कारभारी, माही चूक झाली, मले काय शिक्षा द्यायची ते द्या. पन ज्याले मी हात जोडत नाही त्याच्यापुढं नारळ फोडला तं ते तुमच्या देवाले फसवनं होईन. आन माह्यालेबी."

"मंग जा," सिदू म्हणाला.

आम्ही वळलो. ढेकळांतून दहा-बारा पावलं गेलो असू. मागून ठकूबाईचा आवाज आला. "शिट्टे! थांब!" ती आली, सिदूच्या हातातून तिनं नारळ घेतला आणि कमरेवर हात ठेवून लेकाला म्हणाली, "खोटं फोडलं असतं तं तुले कळलं असतं का, येड्या? नारळ मी फोडीन. हे बाई पानी भरीन. जवर वाडा इकडच्या रानात हाय तवर."

कपाळावरची आठी न काढता सिदू म्हणाला, "भरू दे. पन देवाचं सांगायचं नाही."

"गानं?" मार्थाबाईंनी विचारलं.

"गानं चालते," तो नाइलाजानं म्हणाला. "गान्यानं मेंढरं शांत राह्यतात."

आणि मग सुरू झालं मार्थाबाईंचं पाणी भरणं. वाडा शिरपूरच्या आसपास या वावरातून त्या वावरात फिरत होता. बाई सकाळच्या बसनं निघायच्या, जवळच्या विहिरीवरून घागरी आणायच्या, संध्याकाळी परत. थंडी गेली, तूर निघाली, हरभरा निघाला, ऊन तापलं, विहिरी खोल गेल्या. गुडघा सुजायचा. मी तेल गरम करून द्यायचे आणि तोंडानं शिव्या. त्या हसायच्या. रोज भिंतीपाशी नवी बातमी. आज कुत्रं अंगावर आलं नाही! आज ठकूबाईनं ताकाची वाटी देल्ली! आज जिभेनं टक टक केलं तं चार मेंढरं आले, पडघान बाई, चार! कोणाला नोकरी लागल्यावर इतका आनंद होत नसेल.

एक दिवस मीही सोबत होते. ठकूबाई कोकराला दूध पाजत बसली होती. अचानक म्हणाली, "काय वं शिट्टे, त्या तुयाल्या देवाले ते मेंढरू सापडल्यावर त्यानं काय केलं?"

मार्थाबाईंच्या हातातली घागर थांबली. ज्यासाठी बाई पोतं पाठीवर घेऊन धावल्या, ते आपण होऊन दारात आलं होतं. मार्थाबाईंनी ओठ आवळले. "मले सांगायची मनाई हाय."

"सिद्या तिकडं चारायले गेला. सांग."

"नाही सांगत. शब्द देल्ला हाय."

"कायची बाई हाय हे!" ठकूबाई भडकली. "येवढ्या दुरून सांगायले आली आन सांगत नाही! मेंढराचं काय झालं ते मले कळा लागते ना!" ती दिवसभर धुसफुसत राहिली. संध्याकाळी सिदू आला तसा त्याला तिनं असा फैलावर घेतला की शेवटी त्यानं डोक्याचं मुंडासं काढून खाली टाकलं. "सांगा माह्या मायले! पन मेंढरायसमोर नको!"

मग मार्थाबाई ठकूबाईला बाजूला, बाभळीखाली घेऊन गेल्या. मी लांबून बघत होते. मार्थाबाईंचे हात हवेत. ठकूबाई एकाग्र. "खांद्यावर घेतलं?" तिचा आवाज आला. "पाय पुढं धरून?" मार्थाबाईंनी मान हलवली. ठकूबाई समाधानानं उठली. "मंग येते त्याले काम," म्हणाली, आणि चुलीकडं गेली. त्या दिवशी बसमध्ये मार्थाबाई नुसत्या खिडकीबाहेर बघून हसत होत्या.

वैशाख संपत आला आणि वाडा सातपुड्याकडं निघायचा दिवस ठरला. पावसाळाभर ती माणसं तिकडं, डोंगराच्या कडेला. पाणी भरायची शिक्षा इथंच संपत होती. मार्थाबाईंना "चल" असं कोणी म्हटलं नव्हतं, "येऊ नको" असंही नाही. घराची किल्ली त्यांनी माझ्याकडं दिली होती. "मले संगं घेतलं नाही तं संध्याकाळी परत मागीन," म्हणाल्या. हसत होत्या, पण त्या आवाजातली धास्ती मला ओळखू येत होती.

मी दशम्या आणि मिरच्यांचा ठेचा बांधून त्यांच्याबरोबर गेले. उजाडत होतं. वाडा उठला होता. कोणाची वळकटी कुठल्या घोडीवर हे ठकूबाई ठरवत होती. त्यात कोणी काही बोलायचं नसतं, जिचं सामान चढलं ती निघाली. मार्थाबाई आपलं बोचकं पायाशी ठेवून एका बाजूला उभ्या होत्या. एक घोडी लादून झाली. दुसरी झाली. पोरं वर बांधली, कोंबड्यांच्या टोपल्या अडकवल्या. आयुष्यभर दुसऱ्यांना पळवणारी ती बाई इतकी निमूट उभी मी कधी बघितली नव्हती. मला ठकूबाईला जाऊन गदागदा हलवावंसं वाटलं.

शेवटची घोडी राहिली, ठकूबाईची स्वतःची. ती लादून झाली आणि ठकूबाई वळली. सरळ येऊन तिनं मार्थाबाईंचं बोचकं उचललं, वजन बघितलं, तोंड वाकडं केलं आणि जमिनीवर उघडलं. तंबू बाहेर. चित्रांची गुंडाळी बाहेर. बूट बाहेर. दोन्ही खंजिऱ्या हातात घेऊन तिनं वाजवून बघितल्या, एक ठेवली. सगळ्यात खाली कापडात गुंडाळलेलं पवित्र शास्त्र होतं, त्यांचं बायबल. तिनं ते उलटंपालटं करून बघितलं.

"हे काय?"

"माह्या प्रभूचं वचन."

ठकूबाईनं घोडीच्या पाठीवरची एक जुनी लाल पिशवी उघडली. तिच्यात बिरोबाचा टाक होता, चांदीच्या पत्र्यावरची देवाची प्रतिमा. हळद लागून पिवळा झालेला. ठकूबाईनं शास्त्र त्याच्या शेजारी ठेवलं.

मार्थाबाईंचं तोंड उघडलं. त्या नारळाच्या वेळचा चेहरा मला पुन्हा दिसला. आता ही बाई इथपर्यंत येऊन नाही म्हणणार.

"ठकूबाई, तिथं..."

"मंग कुठी ठेवू?" ठकूबाईनं विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं. "देवाले पायदळी ठेवत नाही. देवाची घोडी एकच हाय."

पुढं सिदूनं काठी उचलली होती. मेंढरं हलली, धूळ उठली. मार्थाबाईंनी त्या पिशवीकडं बघितलं. मग त्या पुढं झाल्या, पिशवीचं तोंड घट्ट ओढलं आणि दोरीची गाठ स्वतःच्या हातानं आवळली.

मी रडत होते आणि हसतही होते, हातात तो मूर्ख तंबू. घोडी चालायला लागली, ती चांगलीच चपळ निघाली. ढेकळांवर पिशवी हेलकावे खाऊ लागली, एका बाजूला घसरू लागली. मार्थाबाईंनी धाव घेतली, सुजल्या गुडघ्यानं, पदर खोचून, आणि हात लांब करून ती धरली. तशाच त्या घोडीच्या बाजूनं पळत गेल्या, बांध ओलांडून, धुळीत. पिशवीत दोघंही होते, आणि मार्थाबाई दोघांनाही पडू देत नव्हत्या.